सात फुगलेल्या शिरा

१. काकू डब्याशिवाय आल्या

शुक्रवारी संध्याकाळी त्र्यंबककाकांनी आमच्या दारावरची बेल अशी दाबून धरली की मला वाटलं, शेजारी आग लागली. दार उघडलं तर काका, त्यांच्यामागे सरलाकाकू आणि सर्वांत मागे त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहणारा श्रीरंग. तिघांचे चेहरे सुतकी. त्यातून काकूंच्या हातात डबा नव्हता. आम्ही डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहायला आल्यापासून काकू आमच्याकडे रिकाम्या हातानं आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. प्रकरण गंभीर आहे हे मी तिथेच ओळखलं.

"पद्मिनी कुठाय?" काकांनी बूटसुद्धा न काढता विचारलं.

पद्मिनी म्हणजे माझी बायको. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर क्रँकशाफ्टची जाडी मोजायची आणि केसभर फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या पार्टला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही आपण कुठे कमी पडतो ते नेमकं ठाऊक असतं. मागच्या गणपतीत मंडळाची हरवलेली समई तिनं बसल्या जागी शोधून दिली, तेव्हापासून इथल्या मराठी लोकांचा तिच्यावर पोलिसांपेक्षा जास्त भरवसा.

"आपल्या श्रीरंगला लबाड म्हणाले," काका सोफ्यावर बसत म्हणाले. "भर मीटिंगमध्ये! कोणीतरी दुष्टावा केलाय, पद्मिनी. तू शोध. मी सांगतो ना, ह्या पोरानं आयुष्यात कधी परीक्षेत मान वळवून पाहिलेलं नाही."

श्रीरंग मिरजेचा डॉक्टर. डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात तो एक्स-रे विभागात फेलो, म्हणजे शिकाऊ संशोधक होता. तिथे सीटी स्कॅनचं नवं यंत्र आलं होतं. माणसाला त्यातून सरकवलं की ब्रेडच्या स्लाइससारखी छातीची एकेक चकती फोटोत दिसते. फोटो झकास निघत, पण अडचण वेगळीच होती. एखाद्या आजाऱ्याची रक्तवाहिनी जाड आहे असं म्हणायचं, तर निरोगी माणसाची किती जाड असते हे आधी माहीत पाहिजे ना? ते कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. श्रीरंग ते मोजत होता. चाळिशीपुढची धडधाकट माणसं घ्यायची, त्यांच्या छातीतल्या धमन्या आणि शिरा मोजायच्या आणि जगाला सांगायचं की बाबांनो, इतकं म्हणजे नॉर्मल.

धडधाकट माणसं मात्र मिळेनात. मग त्यानं मंडळाच्या पॉटलक जेवणात, सगळे आपापले डबे घेऊन जमले असताना, हात जोडून विनंती केली आणि आमची मंडळी पेटली. फुकट तपासणी आणि वर पोराला मदत! मीही गेलो होतो, कारण पद्मिनीनं माझं नाव मला न विचारता दिलं होतं.

"नेमकं काय झालं ते तू सांग," पद्मिनी श्रीरंगला म्हणाली.

"मावशी, छातीत अ‍ॅझायगॉस म्हणून एक शीर असते," श्रीरंग म्हणाला. "पाठीच्या कण्याला लागून वर जाते. तिला जोडीदार नसतो, एकटीच असते."

"तुझ्यासारखी," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"साधारण पेन्सिलीएवढी जाड. माझ्या वॉलंटियर्सपैकी सातजणांत ती करंगळीहून जाड निघाली. हार्ट वीक झालेल्या पेशंटमध्ये असते तशी. आणि त्याच सातजणांच्या पाकिटांत बाकीच्यांपेक्षा चार-पाच फोटो कमी आहेत. आमच्या विभागाचे प्रमुख डॉक्टर व्हिटकम म्हणाले, ही निरोगी माणसं नाहीतच. तुला वॉलंटियर कमी पडले, म्हणून तू वॉर्डातल्या पेशंटचे स्कॅन घुसवलेस, आणि जे फोटो बघून आपण पकडले जाऊ ते काढून टाकलेस."

"मग परत काढा की फोटो!" काका कडाडले.

"निरोगी माणसांना पुन्हा एक्स-रे द्यायचा तर कमिटीची परवानगी लागते. कमिटी पुढच्या महिन्यात बसणार. सरांनी मला सोमवारी दुपारपर्यंत वेळ दिलाय. समाधानकारक उत्तर नसेल तर फेलोशिप कॅन्सल, आणि का कॅन्सल ते पत्रात लिहून देणार. असं पत्र घेऊन मिरजेत तरी मला कोण उभं करेल?"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. पद्मिनीनं मात्र विचारलं, "हे सात जण कोण?"

श्रीरंगनं खाली पाहिलं. "तेच तर. सातही आपल्या मंडळातले. तपासणीच्या शनिवारी काकांच्या स्टेशन वॅगनमधून आलेले."

काकूंचा हात आपसूक छातीवर गेला.

२. बुटकी फुफ्फुसं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलात. वॅगनमधल्या सगळ्यांनी फोनवरून "बघा आमच्या शिरा, काय हवं ते बघा" अशी परवानगी दिली होती. डॉक्टर व्हिटकमनीही हरकत घेतली नाही. उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. कडक, पण आडमुठे नव्हेत. फक्त एक अट घातली: फिल्मना श्रीरंगनं हात लावायचा नाही. त्या दाखवायला विभागातला दुसरा फेलो, राजीव, याला बसवलं.

हा राजीव मला मुळीच आवडला नव्हता. नागपूरचा, हुशार आणि बोलायला तुटक. विभागात पुढच्या वर्षी एकच जागा रिकामी होणार होती आणि ती एक तर श्रीरंगला मिळणार होती, नाहीतर याला. वर, सात जाड शिरांची गोष्ट व्हिटकमच्या कानावर घालणारा हाच! मला तर आणखी शोध घ्यायची गरजच वाटत नव्हती.

"गेल्या रविवारी फिल्मच्या खोलीत तू एकटा होतास म्हणे?" मी आवाजात जितकं हवालदारपण आणता येईल तितकं आणून विचारलं.

"होतो. श्रीरंगनेच मला सगळं दुसऱ्यांदा मोजायला सांगितलं होतं, त्याचे आकडे न बघता. मोजलं. सात शिरा मलाही जाड दिसल्या. मग मी सरांना विचारलं, असं का असेल? चुगली नाही केली यार, प्रश्न विचारला. त्यांनी त्याचा हा अर्थ काढला." तो पद्मिनीकडे वळला. "मॅडम, त्यानं हे केलं असेल असं मला वाटत नाही. पण वाटून काय उपयोग?"

माझा संशयित असा पहिल्याच फेरीत बाद झाला.

पद्मिनीनं पर्समधून स्वतःचं कॅलिपर काढलं. कारखान्यातलं, जाडी मोजायचं. बायका पर्समध्ये आरसा ठेवतात, ही कॅलिपर ठेवते. "आमच्याकडे माप चुकलं की आधी गेजवर, म्हणजे मोजायच्या साधनावर संशय घ्यायचा, मग मोजणाऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी पार्टवर," ती म्हणाली. "लोक उलटं करतात."

उजेडाच्या पेटीवर फिल्म लागल्या. प्रत्येक फोटोच्या कडेला मापाची पट्टी होती. तिनं पाठीचे मणके मोजले, महाधमनी मोजली. सातजणांची महाधमनी इतरांसारखीच निघाली. यंत्राची पट्टी खोटी असती तर सगळंच फुगलं असतं. म्हणजे गेज ठीक होतं. मोजणारे दोघे, आणि दोघांचं माप जुळत होतं. राहिला पार्ट.

"ही फिल्म खरंच आपल्या लोकांची कशावरून?" मी विचारलं. फिल्मवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. कुठला नंबर कोणाचा हे श्रीरंग सांगणार, आणि त्याच्यावर तर कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात पद्मिनी एका फोटोवर थबकली. गळ्याच्या अगदी खाली, खांद्याजवळ एक पांढरा ठिपका होता आणि त्यातून चहूकडे रेषा फुटल्या होत्या. डोळे बारीक करून दिव्याकडे पाहिलं की दिसतात तशा.

"हे काय?"

"मेटल," राजीव म्हणाला. "सोनंबिनं. आम्ही काढायला सांगतो. वॉर्डातला पेशंट असेल तर नर्स आधीच काढून ठेवते."

पद्मिनी हसली. "सरलाकाकू. मंगळसूत्र काढायचं नाही म्हणून अडून बसल्या होत्या. शेवटी खांद्यावर सरकवलं, असं त्यांनीच मला अभिमानानं सांगितलं होतं. आणि ह्या दुसऱ्या फोटोत बघा, गळपट्टीचं हाड वाकडं जुळलंय. पुरुषोत्तमभाऊ पुण्यात स्कूटरवरून पडले होते ना?"

म्हणजे माणसं आपलीच होती. मला हायसं वाटलं आणि लगेच घामही फुटला. माणसं आपली असतील, तर आमच्या अर्ध्या मंडळाची हृदयं खिळखिळी झाली होती की काय?

"आता ते कमी पडलेले फोटो," पद्मिनी म्हणाली. तिनं काकूंचं पाकीट पुन्हा पहिल्यापासून लावलं. टेबल प्रत्येक फोटोला सेंटीमीटरभर सरकतं आणि तो आकडा फोटोवर आपोआप छापला जातो. एकेका आकड्यावर बोट ठेवत ती पुढे गेली. मधला एकही गळलेला नव्हता. "फुफ्फुसाचं वरचं टोक हे इथे. खालचं टोक हे शेवटच्या फोटोत. बरोबर?"

राजीवनं मान हलवली.

"मग काढून काय टाकलं? दोन्ही टोकं आहेत आणि मधलंही सगळं आहे. इथून काहीच हरवलेलं नाही." तिनं कॅलिपर मिटलं. "ह्या सातजणांची फुफ्फुसंच बुटकी आहेत."

"आणि करडी," राजीव हळूच म्हणाला. "इतरांची काळी दिसतात, हवा भरलेली. ह्यांची करडी आहेत. आणि लिव्हर बघा किती वर आलंय. हे मी आधी का नाही पाहिलं?"

३. पुतळे आणि ताक

यंत्र चालवणारी बाई होती डोलोरेस. गोल, हसरी, आणि आमच्या मंडळींवर भलतीच खूश.

"तुमचे लोक म्हणजे माझे आजवरचे बेस्ट पेशंट!" ती म्हणाली. "लोक वळवळतात, खोकतात, फोटो धूसर येतात. हे मात्र पुतळ्यासारखे. एकच बाई सोडून. पांढऱ्या अंबाड्याची, किरकोळ. ती प्रत्येक फोटोनंतर मला विचारायची, झालं का, झालं का."

ती लतिकामावशी. वॅगनमधली आठवी.

"तुम्ही त्यांना काय सूचना देता?" पद्मिनीनं विचारलं.

"सगळ्यांना देते तीच. माइकवरून सांगते, श्वास धरा. फोटो झाला की सांगते, सोडा. मी काचेपलीकडे असते. चादरीबाहेरचे पाय तेवढे दिसतात." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि किती श्रद्धाळू माणसं! बाहेरच्या खोलीत ते वयस्क गृहस्थ सगळ्यांना घेऊन डोळे मिटून बसले होते. प्रार्थना चालू आहे असं दिसलं, म्हणून मी दार लावून घेतलं."

तिथून आम्ही थेट काकांच्या घरी. काकूंचा डबेवाला स्वभाव एका रात्रीत परत आला होता. बसायच्या आत थालीपीठ पुढ्यात आलं आणि पाठोपाठ ताकाचे पेले. ताक पाहताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, त्या दिवशी वॅगनमध्ये ताक होतं का?"

"होतं की. मोठा थर्मास भरून. मीठ-जिरं घालून. दोन-दोन पेले प्यायले सगळे."

"सापडलं!" मी ओरडलो. "मिठाचं ताक पोटात गेलं, ते रक्तात उतरलं, शिरा टम्म फुगल्या!"

कोपऱ्यात बसलेल्या श्रीरंगनं पहिल्यांदा मान वर केली. पाणी जास्त झालं की शिरा फुगतात, हे शास्त्र खरंच होतं म्हणे. मी पद्मिनीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "लतिकामावशी किती प्यायल्या?"

"लतिका? चार तरी," काकू म्हणाल्या. "थर्मास तिच्याच मांडीवर होता."

लतिकामावशींची शीर पेन्सिलीएवढीच होती. माझा शोध ताकासकट पाण्यात गेला.

"काका, तुम्ही तिथे प्रार्थना घेतलीत का?" पद्मिनीनं विचारलं.

"प्रार्थना? छे! हॉस्पिटलात कसली प्रार्थना? मंडळी घाबरली होती, थोडं मार्गदर्शन केलं," काका म्हणाले आणि ताबडतोब राजीवच्या कारस्थानाकडे वळले. काकांचं मार्गदर्शन आम्हांला नवीन नाही. गाडी कशी पार्क करावी इथपासून अमेरिकेनं तूट कशी भरून काढावी इथपर्यंत ते सगळ्यांना मिळतं. एका पेंट कंपनीत केमिस्ट म्हणून त्यांची हयात गेली, आणि आता रविवारी सकाळी ते तळघरात योगाचा वर्ग घेतात. त्या शनिवारी मी वॅगन टाळून मुद्दाम स्वतःची गाडी नेली आणि उशिरा पोचलो, ते ह्या मार्गदर्शनाच्या भीतीनंच. माझी शीर नॉर्मल होती. पद्मिनी माझ्या शेजारी बसून आली होती. तिचीही नॉर्मल.

परत येताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. आमच्या ड्राइव्हवेत गाडी थांबल्यावर म्हणाली, "अहो, मी एक विचारायची राहिले. कारखान्यात मी हे पहिल्यांदा विचारते आणि इथे विसरले. मोजताना पार्ट पकडला कसा होता? रबरी नळी शिकंज्यात आवळून मोजली तर एक माप येतं, सैल ठेवून मोजली तर दुसरं."

"पण इथे शिकंजा कुठला?"

"ते लतिकामावशी सांगतील," ती म्हणाली.

४. न ऐकणारी विद्यार्थिनी

लतिकामावशी लेकीकडे राहतात. काकांचं आणि त्यांचं मुळीच पटत नाही, पण त्या ड्राइव्ह करत नसल्यामुळे वॅगनवाचून इलाज नाही. रविवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या.

"त्र्यंबकरावांनी तिथे काय मार्गदर्शन केलं?" त्यांनी माझ्याकडे बघत काडी फेकली. "अहो प्रल्हादराव, क्लास घेतला क्लास! म्हणे ही श्रीरंगची परीक्षा आहे, आपले फोटो पहिल्या नंबरात आले पाहिजेत. अमेरिकन लोक छाती फुगवून श्वास धरतात, मग छाती थरथरते आणि फोटो बिघडतो. आपण ऋषिमुनींची पद्धत वापरायची. बाई 'श्वास धरा' म्हणाली की सगळा श्वास बाहेर टाकायचा, नाक-घसा गच्च बंद, आणि पोट आत खेचून पाठीला लावायचं. शरीर दगडासारखं स्थिर होतं म्हणे. सगळ्यांकडून करून घेतलं. पुरुषोत्तमला तर नीट जमेना म्हणून एकट्याला वेगळं शिकवलं!"

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचं ऐकते होय? मी ताक पीत बसले. आत गेल्यावर त्या गोऱ्या बाईनं सांगितलं श्वास धर, मी भरून घेतला आणि धरला."

पद्मिनीनं त्यांना वाकून नमस्कार केला. मावशींना कारण कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

गाडीत बसताच मी म्हणालो, "फुफ्फुसं बुटकी दिसली, कारण ती रिकामी होती!"

"म्हणून चकत्या कमी आणि म्हणूनच लिव्हर वर," पद्मिनी म्हणाली. "आणि पिचकारीचं तोंड बोटानं बंद करून दट्ट्या ओढला तर काय होतं? आत ओढ बसते. छातीचं तेच झालं. हवा तर येऊ देत नाहीत, मग ओढलं जातं ते रक्त. महाधमनीची भिंत जाड, ती दाद देत नाही. शिरेची भिंत पातळ, ती फुगते. श्वास सोडला की परत होती तेवढी. कोणाचं हृदय बिघडलेलं नाही, आणि कोणी लबाडीही केलेली नाही."

मी जोरात हसलो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पण पद्मिनी हसली नाही. "हे आता काकांना सांगायचंय," ती म्हणाली.

काकांच्या स्वयंपाकघरात तिनं ते सांगितलं तेव्हा श्रीरंगही तिथेच होता. ऐकता ऐकता काकांनी हातातला पेला टेबलावर ठेवला. शेवटी ते म्हणाले, "फोटो स्पष्ट यावेत म्हणून केलं रे. तुझं नाव व्हावं म्हणून."

श्रीरंग उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी दोन दिवस स्वतःवरच संशय घेतोय, काका. माझंच कुठे काय चुकलं म्हणून. आणि तुम्ही इथे बसून राजीवला शिव्या घालत होता!" तो वर गेला, बॅग घेऊन खाली आला आणि कोणाकडेही न बघता दाराबाहेर पडला. राजीवकडे झोपायला जातो, एवढंच काकूंना सांगितलं.

काका टेबलावरच्या पेल्याकडे बघत बसले. त्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, पण त्या वेळी मला त्यांची फार दया आली. त्यांना मूलबाळ नाही. वरच्या खोलीचं भाडं ते श्रीरंगकडून घेत नाहीत, हे सगळ्या ट्रॉयला माहीत आहे.

"डॉक्टर व्हिटकम माझ्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवतील का, हा प्रश्नच आहे," पद्मिनी हळूच म्हणाली. "ज्यानं शिकवलं त्यानंच येऊन सांगितलं तर..."

काकांनी पेला दूर सारला. स्वतःची चूक कबूल करायची आणि तीही गोऱ्या साहेबासमोर! पेंट कंपनीत बढती गेली तरी त्यांनी ते केलं नव्हतं.

५. टेबलावरचे काका

सोमवारी दुपारी मीटिंगच्या खोलीत सगळा विभाग जमला होता. श्रीरंग एका कोपऱ्यात बसला होता, शेजारी राजीव. काका आले नव्हते. पद्मिनीनं उजेडाच्या पेटीवर फिल्म लावल्या आणि एकेक गोष्ट समजावत गेली. व्हिटकम पांढऱ्या भुवया जवळ आणून ऐकत होते. काकूंचं मंगळसूत्र त्यांनी मान्य केलं. कुठली चकती हरवलेली नाही हेही, जरा वेळ घेऊन, मान्य केलं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "सात साधी माणसं श्वास सोडून छाती इतकी ओढून धरतात, प्रत्येक फोटोला, आणि तीही न हलता? माझ्या रेसिडेंटना मी सांगितलं तर एकालाही जमणार नाही. हे मी कसं मानू?"

तेवढ्यात दार उघडलं. काका होते. सूट, टाय, आणि मागे सरलाकाकू.

"सर," काका त्यांच्या ठणठणीत इंग्रजीत म्हणाले, "मी दाखवतो."

त्यांनी कोट काढून काकूंकडे दिला, बूट काढले, आणि बघता बघता ते त्या लांबलचक मीटिंगच्या टेबलावर उताणे झोपले. एका डॉक्टरनं घाईघाईनं आपली कॉफी उचलली. काकांनी शर्ट वर केला, श्वास फुस्सकन बाहेर टाकला आणि पोट आत ओढलं. पोट कसलं, तिथे परात झाली! बरगड्या कमानीसारख्या वर आल्या आणि माणूस लाकडासारखा निश्चल. व्हिटकम खुर्चीतून अर्धवट उठले. जरा वेळानं त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्युलर!" ते ओरडले. "अरे, ही तर म्युलरची युक्ती! श्वास सोडून, घसा बंद करून, छाती ओढायची. आम्ही पुस्तकात वाचतो. शिरा फुगणारच! पण सातच्या सात माणसांना हे येतं?"

"मी शिकवलं," काका टेबलावर उठून बसत म्हणाले. "त्यांना वाटलं ते बरोबर करताहेत. ह्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सर, चूक माझी आहे. संपूर्ण माझी. तो सरळ आहे. शिक्षा करायची तर मला करा."

व्हिटकम श्रीरंगकडे वळले आणि उभे राहिले. "शुक्रवारी ह्याच खोलीत मी तुम्हांला लबाड म्हणालो. मी फोटो मोजले, पाहिले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो." मग ते इतरांना म्हणाले, "आणि आजपासून कुठलंही माप घेताना श्वास आत होता की बाहेर, हे विचारल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. आपण ते कधी विचारलंच नव्हतं."

पुढे कमिटीनं परवानगी दिली, सातही जणांचे फोटो पुन्हा निघाले, आणि सगळ्यांच्या शिरा पेन्सिलीएवढ्या भरल्या. फुगलेल्या सात शिराही व्हिटकमनी टाकून दिल्या नाहीत. श्वासानं किती फरक पडतो ते दाखवायला त्या श्रीरंगच्या शोधनिबंधात मानानं गेल्या. पण हे नंतरचं.

त्या दुपारी खोली रिकामी होत गेली तरी काका टेबलाच्या कडेला मोज्यांवर बसून होते. शर्ट विजारीबाहेर, टाय खांद्यावर. श्रीरंग त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझं चुकलं रे," काका मराठीत म्हणाले. मघाशी इंग्रजीत त्यांनी ते ठणकावून सांगितलं होतं. आता नजर मोज्यांवरच होती.

"मला तुमचा फार राग आलाय, काका."

"येणारच."

"अजून गेलेला नाही. मी भांडणार आहे तुमच्याशी." श्रीरंगनं टेबलाखालून त्यांचे बूट काढले आणि त्यांच्या पायाशी ठेवले. "इथे नको. घरी गेल्यावर."

काकांनी मान वर केली. "घरी येणार आहेस?"

"मग भांडू कुठे?"

काकांनी बूट घालायला घेतले, पण डोळे भरून आल्यामुळे त्यांना नाडी दिसेना. श्रीरंगनं गुडघ्यावर बसून ती बांधली. काकूंनी दोघांकडे पाहिलं आणि मला विचारलं, रात्री पाच माणसांचा स्वयंपाक करू ना?